बोरिवलीला तेव्हा काही नव्हतं

आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टी एकाच वाक्याने सुरू होत. "आम्ही आलो तेव्हा बोरिवलीला काही नव्हतं." अण्णा, म्हणजे माझे आजोबा, हे सुपारी कातरता कातरता म्हणत, आणि माई आतून ओरडे, "होतं की! डास होते."

ओहायोत राहणाऱ्या माझ्या चुलतभावाचे शेजारी शेतकरी घराण्यातले. त्यांचे पणजोबा कापडी छताच्या बैलगाडीतून पश्चिमेकडे निघाले होते म्हणे. १८६२च्या कायद्याने तिकडे पाच वर्षं जमीन कसून दाखवली की १६० एकर जवळजवळ फुकट मिळत. त्यांच्या घरातही "काही नव्हतं" हेच चालत आलंय. भाऊ फोनवर हसत म्हणाला, "अरे, अण्णाच की!" फरक एवढाच की अण्णांना १६० एकर मिळाले नाहीत. दोन खोल्या, मंगलोरी कौलं आणि सामाईक विहीर.

गिरगाव का सोडलं, याच्या घरात दोन हकिकती आहेत. अण्णांच्या मते भाडं. माईच्या मते स्फोट. १४ एप्रिल १९४४ला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन बोट फुटली. पोटात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा, असला तिचा माल. चाळीतल्या फडताळातली बरणी पडून वर्षाचं लोणचं जमिनीवर गेलं, असं माई सांगे. कधी ते लिंबाचं असे, कधी कैरीचं. एप्रिलात जुनं लोणचं कितीसं उरलेलं असणार, हे विचारायची आमची छाती नव्हती. त्याआधी जपानी येणार या भीतीने तिला बोटीने कोकणात धाडलं होतं, तिथून परतून जेमतेम घडी बसत होती. "आता मला समुद्रापासून लांब ने," असं ती म्हणाली आणि अण्णांनी तिला गोराईच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर आणून ठेवलं.

विजेची गाडी बोरिवलीपर्यंत ५ जानेवारी १९२८पासूनच येत होती, त्यामुळे फोर्टातली नोकरी सुटली नाही. शेवटची गाडी गाठून अण्णा उतरत, कंदील घेतलेला कुणी सोबतीला मिळेपर्यंत फलाटावर थांबत आणि मग वाटेने मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत घरी येत. बिबट्याला रामरक्षा कळते का, हा आत्याचा लहानपणीचा प्रश्न. वाघरू मात्र खरंच येई. आमच्या दारातला कुत्रा त्यानेच नेला. दोन कुत्रे नेले असं काका म्हणतात, पण काकांच्या गोष्टीत सगळंच दुप्पट असतं.

बोरिवली बृहन्मुंबईत आली १९५७ला. पण अण्णा शेवटपर्यंत चर्चगेटला निघताना "मुंबईला जाऊन येतो" असंच म्हणत.

आता काही नव्हतं म्हणावं, तर वझिऱ्याच्या वाडीवाल्यांनी पहिल्या उन्हाळ्यात विहीर आटल्यावर आपल्या विहिरीचं पाणी दिलं, ते कोण होते? एकसरला शिलाहारांच्या काळचे म्हणतात ते वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या गलबतांची लढाई कोरलीय. मंडपेश्वरची लेणी, त्यांच्या डोक्यावर पोर्तुगीजांच्या मठाचे पडके अवशेष. कान्हेरीत तर भिक्षूंनी पाण्याची टाकी खोदून ठेवलेली. गोराईच्या कोळणी बोंबील घेऊन दारावर येत. आमच्या आधी इतकी माणसं येऊन राहिली होती, की उशिरा आलेले आम्हीच.

माईला हे अण्णांच्या आधी कळलं, आणि कळलं ते घशातून. पहिल्या पावसात जंगलातल्या पाड्यावरची एक वारलीण मोळी घेऊन आली, सोबत शेवळांची जुडी. माई रत्नागिरीकडची, तिने शेवळं पाहिलेली नव्हती. अळूसारखी चिंच घालून केली आणि रात्रभर सगळं घर घसा खाजवत बसलं. दुसऱ्या दिवशी बाई आली ती खो खो हसली. ओच्यातून हिरवी काकडं काढून दिली. ती ठेचून त्यांचा रस घालायचा, तेव्हा खाज मरते. त्यानंतर कंटोळी कधी, कुर्डू कधी, टाकळा कोवळा असताना कसा खुडायचा, हे सगळं तिनेच शिकवलं. आमच्या घरची शेवळांची कणी, जी आम्ही पाहुण्यांना 'आमच्याकडची खास' म्हणून वाढतो, ती मुळात तिची. त्यात सोडे घालणं तेवढं आमचं. माई तिला 'बाय' म्हणे. नाव कुणालाच आठवत नाही.

अण्णांच्या पत्र्याच्या पेटीत मात्र सगळं आहे: घरभाड्याच्या पावत्या, रेशनकार्ड, पहिलं विजेचं बिल. १९९७ला राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा हायकोर्टाचा हुकूम झाला, तेव्हा अण्णा नव्हते. मी माईला पेपर वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग बायच्या पाड्याचं काय? त्यांच्याकडे कुठल्या पावत्या?" निदान मला असं आठवतंय. आत्या म्हणते, माई इतकं काही बोललीच नाही. ती एवढंच म्हणाली, "आता शेवळं कुठून आणायची?"