वसरीतला मोठा टीव्ही

गेल्या पावसाळ्यात एका रात्री जवळच कुठेतरी वीज पडली आणि आमच्या वसरीतला टीव्ही कायमचा बंद झाला. चवथीच्या आत नवा आणायचा, यावर घरात लगेच एकमत झाले. केवढा आणायचा, यावर मात्र होईना. भाच्याने दोन-तीन दुकानांचे भाव काढून ठेवले होते. त्याचे म्हणणे, "मामा, ४३ इंचीला आता कोणी मोठा म्हणत नाही. थोडे पैसे वर घाला आणि ५५ घ्या." आईने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पळोवपी आसात कोण रे घरांत?"

प्रश्न साधाच होता, पण तो माझ्या डोक्यातून जाईना. मोठा टीव्ही म्हणजे केवढा, आणि तो पैसे मोजून घेण्याजोगा कधी, हे गेल्या चाळीस वर्षांत आपण गोवेकरांनी आपल्या वसरीकडे बघून फारसे ठरवलेच नाही. ते कधी शेजाऱ्यांनी ठरवले, कधी कस्टमवाल्यांनी, तर कधी करखात्याने. ती हकिगत थोडक्यात सांगण्यासारखी आहे.

भारतात दूरदर्शनचा पहिला कार्यक्रम दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. त्या दिवशी गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. मुंबईला नातेवाइकांकडे गेलेली माणसे परत येऊन त्या पेटीचे वर्णन करत आणि आपण ऐकत असू. १९८२ साली १५ ऑगस्टला रंग आला, वर्षअखेरीस दिल्लीत एशियाड झाले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. गोव्यातल्या गावागावांत टीव्ही पोचला तो या काळात. माडांच्या वर डोके काढणारे उंच अँटेने घराघरांवर उभे राहिले. पावसात गडगडू लागले की पहिले काम म्हणजे अँटेनाची वायर उपसणे!

त्या वेळी आपल्याकडे मोठा संच म्हणजे २० इंची. लाकडी पेटी, पुढे सरकती दारे, खाली चार पाय, शेजारी व्होल्टेज सांभाळणारा स्टॅबिलायझर. वेस्टन, क्राउन, डायनोरा, हैदराबादच्या सरकारी कारखान्याचा ईसी ही नावे आठवतात. टीव्हीसाठी वर्षाला पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागत, तेही १९८५ पर्यंत. आता २० इंच म्हणजे काय, तर १६ इंच रुंद आणि १२ इंच उंच काच. त्या काचेपुढे आमच्या वसरीत तीस-पस्तीस माणसे बसत. 'रामायण' १९८७ च्या जानेवारीत सुरू झाले. गोवा घटक राज्य झाला तेही याच वर्षी. रविवारी सकाळी मुले जमिनीवर, बायका मागे चटईवर, पुरुष सोप्यावर, आणि उशिरा येणारे खिडकीच्या गजांना धरून बाहेर! त्याच्या आदल्या वर्षी मेक्सिकोतली फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली होती. तिथल्या दुपारच्या बाराला आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. जूनचा पाऊस कौलांवर कोसळतोय आणि वाड्यावरची पोरे चिखलाचे पाय घेऊन वसरीत. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर चेंडू मुगाच्या दाण्याएवढा दिसायचा, तरी मॅराडोना कुठला हे सगळ्यांना कळत होते.

संच घेताना घरात हिशेब झाला होता तो एवढाच, की वाड्यावरच्या माणसांना मागून दिसेल ना? किंमत एका घराने मोजली, पण टीव्ही वाड्याचा होता. रुपयामागे किती माणसांनी बघितले असा हिशेब मांडला, तर त्या २० इंचीइतका स्वस्त टीव्ही पुन्हा कोणीच घेतला नाही.

मग हळूहळू घरोघर टीव्ही आला आणि वसरीतली गर्दी ओसरली. त्या काळातली ओनिडाची जाहिरात आठवते का? शिंगे-शेपटीवाला सैतान आणि शेजाऱ्याचा मत्सर! कालपर्यंत ज्या शेजाऱ्याला बसायला चटई टाकायची, तोच आता आपला संच बघून जळला पाहिजे. टीव्हीच्या मोठेपणाचे माप बदलले ते इथे.

गोव्यात या मापाला आणखी एक पदर होता. आपल्याकडे तारवटी आणि आखातवाले यांची घरे कमी नव्हती. बोटीवरचा किंवा कुवेत-दुबईचा माणूस रजेवर यायचा तो मोठे खोके घेऊन. 'मल्टिसिस्टिम' हा शब्द गावातल्या अडाणी म्हातारीलाही ठाऊक होता, कारण जपान-अमेरिकेची एनटीएससी पद्धत आणि आपली पॅल पद्धत वेगळी. साधा जपानी संच इथे लावला तर चित्र धड यायचे नाही. एवढे सांभाळून आणलेला २९ इंची संच म्हणजे चाळीसेक किलोचे धूड. तो खोलीत मावतो का, हे कोणी बघत नसे. खोलीच त्याच्याभोवती मांडली जाई.

पुढे पडदे सपाट झाले आणि हे आणणे सोपे झाले. दाबोळीला उतरणाऱ्या विमानांतून दुबई-बँकॉकचे एलसीडी येऊ लागले. प्रवाशाला ३५ हजार रुपयांपर्यंतचे सामान शुल्काशिवाय आणता येत असे आणि टीव्ही त्यात बसवता येई. २६ ऑगस्ट २०१३ पासून सरकारने सपाट पडद्याच्या टीव्हीवरची ही सवलत काढली आणि ३६ टक्क्यांवर शुल्क लावले. खोक्यांचा तो जमाना एका दिवसात संपला. खरे तर त्या स्वस्ताईत एक खोट होतीच. बाहेरून आणलेल्या संचाची हमी इथे चालेलच असे नाही, आणि पडदा गेला की दुरुस्ती नव्याच्या भावात.

त्यानंतर माप ठरवले करखात्याने. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा टीव्हीवर २८ टक्के कर होता. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्यावर २८, अशी रेघ ओढली गेली. ३२ इंच ही कित्येक घरांची मर्यादा झाली, ती काही डोळ्यांना तेवढाच पडदा बरा वाटतो म्हणून नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही रेघही पुसली आणि मोठ्या संचांनाही १८ टक्के लागू झाले. करापूर्वी ३० हजारांचा असलेला मोठा संच आधी ३८,४०० ला पडायचा, तो ३५,४०० वर आला.

म्हणजे आता शेजारी येत नाही, खोके येत नाही, करही आडवा येत नाही. टीव्ही केवढा हवा हे ठरवायला पहिल्यांदाच आपली वसरी तेवढी उरली. म्हणून मी टेप घेऊन बसलो.

आधी इंचांचा घोळ समजून घेतला पाहिजे. हे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे, तिरपे. सुरुवातीच्या टीव्हीच्या काचेच्या नळीचे तोंड गोल असे, म्हणून तिचा व्यास सांगत. तोंड चौकोनी झाले तरी एकाच आकड्यात माप सांगायची सवय राहिली. गंमत अशी की जुन्या २९ इंची संचाची काच सुमारे साडेसतरा इंच उंच होती, आणि नव्या ३२ इंचीची जेमतेम पावणेसोळा! पडदा रुंद झाला, उंची घटली. २९ देऊन ३२ घेणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांना 'माणसे लहान झाली' असे वाटले, ते खरेच होते. ४३ इंचीची उंची २१ इंच आणि ५५ ची २७.

बसायचे अंतर याच उंचीवर ठरते. जुन्या ६२५ रेघांच्या चित्रासाठी पडद्याच्या उंचीच्या सहापट दूर बसावे, एचडी चित्रासाठी तिप्पट पुरे, आणि फोर-के असेल तर दीडपटही चालते. त्याहून जवळ गेले की चित्रातले दोष दिसू लागतात. लहानपणी 'मागे सरक' म्हणून खाल्लेल्या धपाट्यांना एवढा आधार होता तर! आमच्या वसरीत बाकापासून भिंत नऊ फूट. ५५ वर एचडी बघायला पावणेसात फूट पुरतात, म्हणजे भाच्याचे फुटबॉल झकास. पण आई बघते त्या मालिका साध्या केबलवर. ते जुन्याच दर्जाचे चित्र ५५ वर नीट दिसायला साडेतेरा फूट हवेत. वसरीची भिंत फोडून अंगणात बसावे लागेल! ४३ ला साडेदहा फूट, म्हणजे फार तर दीड फुटाची तडजोड.

दुकानदाराचा हिशेब निराळा असतो. ५५ चे क्षेत्रफळ ४३ च्या दीडपटीहून जास्त, म्हणून 'थोडे पैसे घालून' तो स्वस्तच ठरतो. हिशेब चुकीचा नाही. पण चौरस इंचाने आपण फरशी घेतो, टीव्ही नव्हे. मोठा पडदा चांगले चित्र मोठे करतो, तसे वाईट चित्रही मोठे करतो.

शिवाय घर जुने. वसरीच्या एका भिंतीत चिरा आहे, दुसरी मातीची. मातीच्या भिंतीत मोठ्या संचाचे स्क्रू धरत नाहीत. आणि भिंतीवर कायमचा ठोकला तर चवथीला काय करायचे? गणपती त्याच भिंतीशी बसतो, वर माटोळी बांधली जाते.

शेवटी ४३ इंची घेतला. उरलेल्या पैशांतून केबलची पेटी एचडी करून घेतली आणि एक बरा स्पीकर आणला, कारण या पातळ संचांचा आवाज खालच्या बाजूला जातो आणि ऐंशीच्या घरातल्या माणसांना बातम्यांचा अर्धा भाग कळतच नाही. संच भिंतीवर न लावता चाकांच्या टेबलावर ठेवला. भाचा थोडा हिरमुसला, पण पहिला सामना बघून गप्प झाला.

चवथीला घरात वीस माणसे होती. आदल्या दिवशी टीव्ही ढकलत आतल्या खोलीत नेला आणि त्यावर आईची जुनी साडी टाकली. पाच दिवस कोणालाही त्याची आठवण झाली नाही. सहाव्या दिवशी मुंबईवाले, पुणेवाले आपापल्या वाटेने गेले. संध्याकाळी आईनेच सांगितले, टेबल बाहेर आण म्हणून. मग ती, बाबा आणि मी, नऊ फुटांवर बसून बातम्या बघितल्या. तिघांना ४३ इंच भरपूर झाले.