नजर उत्तम, वाचन अडलेले

शाळेत डोळे तपासायला डॉक्टर येतात, मूल तक्त्यावरची शेवटची ओळ वाचते आणि ‘नजर उत्तम’ असा शेरा पडतो. तेच मूल वर्गात ‘घर’चे ‘धर’ करते, तेव्हा आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. डच नेत्रवैद्य स्नेलेन यांचा हा तक्ता १८६२ सालचा. दूरचे अक्षर स्पष्ट दिसते का, एवढेच तो सांगतो.

गंमत अशी, की वाचनदोषाकडे पहिल्यांदा लक्ष वेधणाऱ्यांत नेत्रवैद्यच होते. ग्लासगोच्या जेम्स हिन्शेलवूड यांच्याकडे एक भाषाशिक्षक आले. डोळे ठीक असूनही एके दिवशी त्यांना छापील शब्द वाचता येईनात. हिन्शेलवूड यांचा १८९५ चा लेख वाचून प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ मध्ये चौदा वर्षांच्या पर्सीची हकीगत प्रसिद्ध केली. पर्सी मोठमोठ्या संख्या झटकन वाची. स्वतःच्या नावातली अक्षरे मात्र उलटसुलट करी. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याचे मास्तर म्हणत. मॉर्गन यांनी याला ‘जन्मजात शब्दांधत्व’ म्हटले. नाव रूढ झाले आणि दोष पाहण्यात आहे ही समजूतही.

तिला धक्का दिला तो १९७० च्या दशकात अमेरिकेतील फ्रँक वेल्युटिनो यांनी. हिब्रू न येणाऱ्या मुलांना त्यांनी हिब्रू अक्षरे दाखवून आठवणीने लिहायला लावली. वाचनात कच्ची आणि पक्की मुले सारखीच ठरली! अक्षरे उलटी दिसत असती, तर कच्ची मुले इथेही मागे पडली असती. बहुतेकांची अडचण होती आकृती आणि उच्चार यांची सांगड घालण्यात. रंगीत भिंगांनी वाचन सुधारते या दाव्याला तर अमेरिकेच्या बालरोग व नेत्रतज्ज्ञ संघटनांनी २००९ मध्ये पुरावा नसल्याचे स्पष्ट सांगितले.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ ही चाचणी मराठीसह चार भाषांत आणली. पहिली ते पाचवीची तिची प्राथमिक चाळणी शिक्षकच लावू शकतात. निदान तज्ज्ञानेच करायचे.

पण कोणत्या भाषेत? ऊर्जानगरच्या वसाहतीत नाना भाषांची घरे आहेत, भामरागडकडे माडिया. अशा मुलाला मराठी पाठावरून जोखण्याआधी घरच्या बोलीतले शब्द घ्यावेत : पहिला ध्वनी कोणता, तो काढला तर काय उरते? ते सहज जमत असेल, तर अडथळा मराठी नवी असण्याचा असू शकतो. तिथेही मूल वारंवार अडखळले, तर मात्र ‘नजर उत्तम’ या शेऱ्यावर थांबू नये.