जबलपूरपासून सोलापूरपर्यंत: जन्माने गुन्हेगार

जबलपूरचे खमरिया आज १९४२च्या दारूगोळा कारखान्यामुळे ओळखले जाते. त्याच जबलपुरात एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी कर्नल स्लीमन यांनी वाटसरूंचे खून करून त्यांना लुटणाऱ्या ठगांविरुद्धची मोहीम उभी केली. १८३६च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरवला, शिक्षा जन्मठेपेची. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची कुटुंबे जबलपूरच्या उद्योगशाळेत गालिचे विणत. खून झालेच नाहीत असे नव्हे. पण व्यक्तीच्या कृत्याऐवजी समूहाची ओळख तपासण्याची सवय प्रशासनाला इथेच लागली.

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ती सवय जमातींवर लादली. १९११नंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि तिथल्या पारधी, कैकाडी, भामटे यांच्यासारख्यांची नावे नोंदवहीत चढली, बोटांचे ठसे घेतले गेले. या जमातींना ठेवण्यासाठीच्या सोलापूरच्या सेटलमेंटला, म्हणजे वसाहतीला, तारेचे कुंपण होते. बाहेर पडायला पास, ठरल्या वेळी हजेरी. आईबापांपासून मुले वेगळी करण्याचा अधिकारही सरकारकडे होता. हा उघड अन्याय होता आणि तो दप्तरातल्या शाईने झाला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. त्यातून सुटलेला विमुक्त समाज हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो.