साहेबाचं खातं

आमच्या घरात घड्याळं दोन होती. एक भिंतीवरचं. ते दहा मिनिटं मागं असायचं. दुसरे आमचे आजोबा. ते पंधरा मिनिटं पुढं असायचे. १९४७ च्या आधी आजोबा फोर्टातल्या एका गोऱ्या कंपनीत कारकून होते. पुढं कंपनी गेली, साहेब बोटीत बसून गेला, पण आजोबांच्या तोंडून काही तो गेला नाही. दूधवाला उशिरा आला की, "साहेब असता तर!" पोस्टमननं पत्र शेजारी टाकलं की, "साहेब असता तर!" एका वर्षी पाऊस लांबला तेव्हाही त्यांनी हाच सुस्कारा सोडला. तेव्हा आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "हो ना, नऊच्या ठोक्याला सोडला असता त्यानं!"

सांगायचा मुद्दा, इंग्रज माणूस वक्तशीर, मितभाषी, हिशेबाला चोख आणि दिल्या शब्दाला पक्का, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

शाळेच्या वाचनालयात तर हा साहेब मला साक्षात भेटला. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा फिलिआस फॉग! हा गृहस्थ नोकराला कामावरून काढतो. का, तर दाढीचं पाणी ८६ अंश फॅरनहाइट हवं होतं, त्यानं ८४ चं आणलं. आमच्याकडे पाण्याचे दोनच अंश होते: 'तापलंय' आणि 'बंबात लाकूड नाही.' फॉगसाहेब २ ऑक्टोबर १८७२ ला वीस हजार पौंडांची पैज लावतो आणि त्याच रात्री निघतो. मुंबईत उतरतो, पण घारापुरी नाही की काही नाही! पासपोर्टावर शिक्का घेतो आणि तडक स्टेशनात जेवायला बसतो. पुढ्यात सशाचं मटण येतं. तो शांतपणे विचारतो, हा ससा मारताना म्याव म्याव करत नव्हता ना? मुंबईच्या हॉटेलाबद्दल इतका मुद्देसूद प्रश्न मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

पुढं मी बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि मध्यंतरी तेच पुस्तक पुन्हा हाती आलं. आता वाचणारा डोळा कारकुनाचा होता. त्या कादंबरीत बँक ऑफ इंग्लंडमधून ५५,००० पौंडांच्या नोटा चोरीला जातात. ऐन चोरीच्या वेळी मुख्य कॅशियर काय करत असतो? तीन शिलिंग सहा पेन्सांची जमा लिहीत असतो! शप्पथ सांगतो, मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. आमच्या शाखेत साडेतीन रुपयांचा फरक लागत नाही म्हणून रात्री साडेआठपर्यंत बसलेली माणसं आहेत. त्यातलाच मी एक.

पण या दुसऱ्या वाचनात मला मोठा फरक सापडला. फॉग हा इंग्रजांनी रंगवलेला इंग्रज नव्हेच! त्याला रंगवला ज्यूल व्हर्ननं, म्हणजे फ्रेंच माणसानं. शेजाऱ्याबद्दल शेजारी जसं बोलतो, तसं हे चित्र. माणूस कसला, यंत्र आहे. पण व्यवहाराला चोख बरं का! आणि प्रेमळ, धांदरट, सारखा अडचणीत सापडणारा पास्पार्तू नावाचा नोकर मात्र फ्रेंच. मलबार हिलवरच्या देवळात बुटांसकट शिरून मार खातो तो हाच.

मग इंग्रज स्वतःला कसा रंगवत होता? त्यासाठी १७१२ सालात जावं लागतं. ॲन राणीचा वैद्य जॉन अर्बथनॉट, तोही जन्मानं स्कॉटिश, यानं त्या साली 'जॉन बुल' जन्माला घातला. हा जॉन बुल कापडाचा व्यापारी. शेजारी लुई बबून म्हणजे फ्रान्सचा राजा आणि निक फ्रॉग म्हणजे डच. युरोपात चाललेल्या मोठ्या युद्धाला अर्बथनॉटनं कोर्टकज्जाचं रूप दिलं होतं, आणि कज्जात वकील गब्बर होतात हे दाखवलं होतं. ते कळायला इंग्रज असावं लागत नाही. गंमत जॉन बुलच्या स्वभावात आहे. मनानं सरळ, पण डोकं भडक. बाटलीचा शौकीन. हवा बदलली की मूड बदलणार. आणि हिशेबाच्या वह्या बघायचा इतका कंटाळा, की भागीदारांपासून नोकरांपर्यंत सगळ्यांनी त्याला खुशाल फसवावं!

म्हणजे बघा, १७१२ चा साहेब तापट आणि हिशेबाला ढिला. १८७२ चा साहेब थंड आणि हिशेबाला चोख. एकशे साठ वर्षांत एका अख्ख्या देशाचा स्वभाव उलटा झाला म्हणायचा! राष्ट्राचा स्वभाव म्हणून आपण जो वाचतो, तो बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या त्या दिवसाच्या गरजेचा असतो. इकडे आपण मात्र तो मुदत ठेवीसारखा जपून ठेवला.

पण एका मुंबईकरानं ती पावती जपून ठेवली नाही, सरळ काउंटरवर नेऊन दिली. दादाभाई नौरोजी. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला माणूस. आकड्यांशी त्याचं नातं आमच्यापेक्षा जुनं. इंग्रज न्यायी आणि शब्दाचा पक्का आहे ना? मग १८३३ च्या कायद्यात आणि १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात दिलेली वचनं पाळा, आणि हिंदुस्थानातून दरसाल संपत्ती बाहेर जाते तिचा हिशेब द्या. १८९२ साली बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी निवडून ते पार्लमेंटात गेले आणि तिथंही हेच सांगत राहिले. १९०१ च्या ग्रंथाला नाव देताना हिंदुस्थानच्या दारिद्र्याशेजारी त्यांनी राज्यकारभारासाठी शब्द घातला 'अन्-ब्रिटिश'. किती सभ्य चपराक! तुमच्याच पुस्तकातल्या साहेबाशी तुमचं वागणं टॅली होत नाही, एवढंच म्हणणं. चेक परत आला. पण तो वटत नाही हे साऱ्या देशाला कळलं, ते दादाभाईंनी तो भरला म्हणून.

आता थोडं फॉगविषयी राहिलं. ऐंशी दिवस मिनिटामिनिटाची नोंद ठेवणारा हा गृहस्थ शेवटी चुकतो कुठं? तारखेत! पूर्वेकडून पृथ्वी फिरल्यानं एक दिवस हाती आला, हे त्याच्या वहीत आलंच नाही. पैज हरलो म्हणून तो घरात बसून राहतो. आज रविवार नसून शनिवार आहे, ही बातमी धापा टाकत आणतो तो पास्पार्तू. पैज जिंकल्यावर नफ्यातला वाटा त्याला मिळतो, पण त्याच्या हातून खोलीतला गॅस १,९२० तास जळत राहिला होता, त्याचे पैसे कापून! वक्तशीर म्हणून जगभर नाव कुणाचं? फॉगचं.

हे वाचलं आणि आजोबांशी झालेलं जुनं बोलणं आठवलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. विचारलं, "आजोबा, साहेब दिसायला कसा होता हो?"

आजोबा विचारात पडले. "नीट कधी पाहिला नाही रे. त्याची केबिन वेगळी. हेडक्लार्क आत जायचे."

"मग नऊच्या ठोक्याला यायचा, हे तुम्हाला काय माहीत?"

"गाढवा," आजोबा म्हणाले, "मी पावणेनऊला खुर्चीवर असायचो ना!"

मी तेव्हा हसलो होतो. आज कळतं, सगळी जमा चुकीच्या खात्यावर पडली होती. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. दुरुस्तीची नोंद मी उशिरा करतोय, पण आता तरी ती त्यांच्या नावावर घ्यावी, ही विनंती.