बावीसची रास

आमच्या रावेरला व्यापारी केळीच्या बागेत शिरला की दोन-चार ओळी चालतो, एखादा घड खालून तळहातावर तोलतो आणि सांगतो, "रास बावीसची पडेल." म्हणजे घडाचं सरासरी वजन बावीस किलो. कापणी झाली की काटाच सांगतो, अंदाज किती खरा होता. वडिलांचं बोट धरून मी हे पाहिलं आहे. 2009 साली केळीवर वेबसाइट काढली, तेव्हा तिच्या जाहिरातींचं उत्पन्नही मी असंच आधी मापायला बसलो.

हिशेब सोपा वाटायचा. एखादा शब्द महिन्याला किती जण शोधतात, त्यातले किती आपल्या पानावर येतील, त्यातले किती जाहिरात दाबतील, एका दाबण्याचे किती रुपये, आणि त्यात आपला वाटा किती. पण यातला प्रत्येक आकडा वेगळ्या काळी, वेगळ्या कामासाठी जन्मला आहे.

शब्दांची बोली 1998 साली अमेरिकेत सुरू झाली. बिल ग्रॉस यांच्या 'गोटू' या सर्च इंजिनवर कोणत्या शब्दाला कोणी किती बोली लावली, हे उघड दिसायचं. हीच कंपनी पुढे 'ओव्हर्चर' झाली. मागच्या महिन्यात एखादा शब्द किती वेळा शोधला गेला हे तिचं साधन दाखवायचं. भाव आणि मागणी शेजारी-शेजारी आली आणि लोक गुणाकार करू लागले. 2003 मध्ये गुगलने इतरांच्या वेबसाइटवर जाहिराती दाखवणारं 'अ‍ॅडसेन्स' आणलं, तेव्हा तो गुणाकार छोट्या वेबसाइटवाल्याच्याही कामाचा झाला.

पहिल्या क्रमांकाला किती माणसं जातात, हे मात्र 2006 च्या ऑगस्टमध्ये कळलं. 'एओएल' या अमेरिकी इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख वापरकर्त्यांचे सुमारे दोन कोटी शोध संशोधनासाठी खुले केले. नावं काढली होती, तरी शोधांवरून माणसं ओळखू आली. कंपनीने ती माहिती मागे घेतली, पण प्रती पसरल्या होत्या. त्यातून निघालं, की पहिल्या दुव्याला सुमारे 42 टक्के क्लिक मिळतात, दुसऱ्याला 12. लोकांचं खासगी आयुष्य उघडं पडून हाती आलेला हा आकडा मीही वापरला, याचं मला आजही वाईट वाटतं. वाट्याचा आकडा शेवटी आला: वेबसाइटवाल्याला 68 टक्के मिळतात, हे गुगलने 2010 मध्ये जाहीर केलं.

समजा, महिन्याला 1000 शोध. पहिला क्रमांक मिळाला तर 420 माणसं. शंभरात दोघांनी जाहिरात दाबली तर आठ-साडेआठ क्लिक. दहा रुपयांची बोली धरली तर 84 रुपये, हाती 57.

वहीत मी 'अंदाज' आणि 'आले' असे दोन रकाने आखले होते. दुसरा नेहमी लहान निघायचा. कारण कळायला मला फार वेळ लागला. शब्दांचे शोध आणि बोली सांगणारं गुगलचं साधन मी वापरायचो; ते दाखवायचं ती बोली सर्चच्या पानावरच्या जाहिरातीची. माझ्या पानावरच्या जाहिरातीचा भाव वेगळा. शोधांचा आकडा बारा महिन्यांची सरासरी, आणि केळीचा भाव लोक कापणीच्या दिवसांत शोधतात. शिवाय कोणी 'केळी भाव' देवनागरीत लिहितो, कोणी इंग्रजी अक्षरांत. नवती, पिलबाग, वापसी या केळीच्या व्यापारातल्या शब्दांवर बोली लावणार कोण? ठिबक आणि रोपांवर कंपन्या बोली लावतात, म्हणून मी त्यांच्यावर लिहीत गेलो, आणि तेही इंग्रजीत. अ‍ॅडसेन्स तेव्हा मराठीला मान्यता देत नव्हतं. हिंदीला 2014 च्या डिसेंबरात मिळाली, मराठीला 2018 मध्ये. तोवर केळीवरचं माझं लिखाण माझ्याच वडिलांना वाचता येत नव्हतं.

2016 पासून जाहिरातींवर खर्च न करणाऱ्याला गुगलचं ते साधन नेमका आकडाही देईना. '100 ते 1000' एवढंच दाखवायचं. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "एवढ्या फरकानं कोणी बाग मागितली तर देशील का रे?"

अ‍ॅडसेन्सवर मराठी आल्यावर मी वहीतला 'अंदाज'चा रकाना बंद केला. आता सकाळी रावेर आणि बऱ्हाणपूरचे भाव मराठीत टाकतो. सावद्याचे, यावलचे शेतकरी तेच भाव व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवतात. बागेत उभं राहून त्यांना हवं ते मिळतं, आणि त्यासाठी त्यांना एकही शब्द शोधावा लागत नाही.