दुर्गाबाई खोटे यांची पन्नास वर्षे

दुर्गाबाई खोटे यांचे नाव निघाले की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते : कुलीन घराण्यातील स्त्री चित्रपटात गेली आणि इतर भगिनींना मार्ग मोकळा झाला. हळदीकुंकवाच्या व्याख्यानांत मी ते कितीदा तरी ऐकले आहे. वाक्य चुकीचे नाही. परंतु ते मला अपुरे वाटते, आणि काही बायांवर त्यात अन्यायही होतो.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला स्त्री मिळाली नाही. अखेर अण्णा साळुंके या पुरुषाने ते काम केले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी मायलेकी पडद्यावर आल्या. याच कमलाबाई गोखल्यांनी पुढे पतिनिधनानंतर रंगभूमीवर कामे करून तीन मुलगे वाढविले. त्यांच्या कष्टांना 'कुलीन' हे विशेषण कोणी लावले नाही. म्हणून दुर्गाबाईंची थोरवी सांगताना घराण्याऐवजी कामाकडे पाहावे, असे मला वाटते.

दुर्गाबाईंचा जन्म मुंबईच्या सुखवस्तू लाड कुटुंबात १४ जानेवारी १९०५ रोजी झाला. इंग्रजी शाळा, सेंट झेवियर कॉलेज, मग खोट्यांच्या श्रीमंत घरी लग्न. पुढे ती श्रीमंती ओसरली, पदरी बकुल व हरिन हे दोन लहान मुलगे, आणि ऐन तारुण्यात वैधव्यही आले. हौस म्हणून त्या नटी झाल्या नाहीत. घरात पैसा यावयास हवा होता, म्हणून झाल्या. १९३१ साली 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी छोटे काम केले. त्याने नाव मिळाले नाहीच, लोकांची बोलणी मात्र पुष्कळ मिळाली.

लोकनिंदेने खचून घरी बसावे, तर मुलांचे काय ? त्यांनी प्रभात कंपनीचे बोलावणे स्वीकारले. शांतारामबापूंनी कोल्हापुरात काढलेला 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट १९३२ साली पडद्यावर आला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई तारामती. एकोणीस वर्षांपूर्वी जी तारामती पुरुषाला साकारावी लागली होती, ती आता स्त्रीच्या रूपात बोलली आणि गायलीही. मागून दुसऱ्याचा आवाज जोडण्याची सोय तेव्हा नव्हती. नटाने अभिनय करता करताच गायचे, आणि चूक झाली की सारे पुन्हा पहिल्यापासून.

नंतरची दहा वर्षे मला या कारकिर्दीत सर्वांत महत्त्वाची वाटतात. त्या काळी नटनट्या मासिक पगारावर एकाच कंपनीशी बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी तसे बांधून घेतले नाही. प्रभातचे काम झाल्यावर त्या कलकत्त्यास गेल्या आणि देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' (१९३३) व 'सीता' (१९३४) या चित्रपटांत चमकल्या. पुन्हा प्रभातकडे येऊन १९३६ साली 'अमर ज्योती'त सौदामिनी झाल्या : अन्याय सोसून न घेता समुद्रावर चाचेगिरी करणारी स्त्री ! त्या काळच्या सोशिक नायिकांत ती वीज होती. १९३७ मध्ये त्यांनी 'साथी' हा स्वतःचा चित्रपटही काढला.

मग १९४१ साली अत्र्यांच्या 'पायाची दासी'त त्यांनी वनमालाबाईंना छळणारी सासू रंगविली. तेव्हा त्यांचे वय होते छत्तीस. छत्तिसाव्या वर्षी सासू व्हायला, तेही दुष्ट सासू, कोणती नायिका आजसुद्धा तयार होईल ? पुढच्याच वर्षी 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. आरशाशी फार न भांडता त्यांनी वय मान्य केले, आणि म्हणूनच पुढली चाळीस वर्षे त्यांना काम राहिले, असे माझे मत आहे. अमेरिकेच्या हेलन हेज या रंगभूमी व पडद्यावरील अभिनेत्रीची कहाणीही अशीच आहे. तिला पहिले ऑस्कर मिळाले १९३२ साली नायिका म्हणून, आणि दुसरे 'एअरपोर्ट' या १९७० च्या चित्रपटातील म्हातारीच्या भूमिकेसाठी.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर दुर्गाबाई रंगभूमीवर गाजू लागल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत नानासाहेब फाटकांसारख्या कसलेल्या नटापुढे उभे राहणे सोपे नव्हते. 'भाऊबंदकी'तील त्यांची आनंदीबाई आणि १९५४ सालचा शिरवाडकरांचा 'राजमुकुट' यांची आठवण जुनी मंडळी काढीत. 'राजमुकुट' म्हणजे शेक्सपिअरचा मॅकबेथ मराठीत. संगीत नाटक अकादमीने १९५८ साली त्यांचा गौरव केला तो मराठी रंगभूमीवरील अभिनयासाठी, हे आपण सिनेमाच्या झगमगाटात विसरतो.

'मुघल-ए-आझम'मधली (१९६०) जोधाबाई सर्वांना ठाऊक आहेच. आपल्या उल्हासनगरात मात्र मला जास्त आठवतो तो १९७४ चा 'बिदाई'. माझ्या शेजारच्या सिंधी काकू तो पाहून आल्या आणि त्यांनी त्या आईची कथा ओट्यावर बसून आम्हां साऱ्यांना सांगितली. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या या काकूंनी पापड लाटून घर उभे केले होते. दुर्गाबाई पोटासाठी कामाला लागल्या हे मी सांगितले, तेव्हा त्यांना त्याचे जराही नवल वाटले नाही. अंबरनाथ, बदलापूरहून सकाळची लोकल गाठणाऱ्या भगिनींनाही वाटू नये. 'बिदाई'तील भूमिकेसाठी दुर्गाबाईंना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९८० च्या 'कर्ज'मधील आईपर्यंत त्या पडद्यावर दिसत राहिल्या. त्यांच्या संस्थेने काढलेली 'वागळे की दुनिया' ही मालिका १९८८ साली घरोघरी पाहिली गेली.

१९६८ साली पद्मश्री आणि १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा ! २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र १९८२ साली प्रसिद्ध झाले. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे, तेव्हा मराठी न वाचणाऱ्या आपल्या सिंधी मैत्रिणींच्या मुलींनाही ते वाचता येईल. मंडळाच्या कपाटात मूळ पुस्तकाची एक प्रत आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावी, आणि कृपा करून पंधरा दिवसांत परत आणावी.