बरं झाल्यावर जायचं कुठे?



शुवैख म्हटलं की आपल्याला बंदर आठवतं, गॅरेजांच्या रांगा आठवतात. पण त्याच शुवैखच्या अस-सबाह आरोग्य परिसरात कुवेतचं मानसिक आरोग्य केंद्रही आहे. त्याचं नाव आपल्या घरांत हळू आवाजात घेतलं जातं. आज त्याच विषयावर बोलू या. सुरुवात मात्र रत्नागिरीपासून करू, कारण इथल्या कितीतरी कोकणी घरांना तिथलं मनोरुग्णालय ठाऊक आहे.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ चं. ठाण्याचं १९०१ चं, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावे मिळालेल्या देणगीतून उभं राहिलेलं. मुंबईत कुणी विचित्र वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ असं लोक सहज म्हणून जातात. या थट्टेतही मागचा इतिहास आहे. माणसाला पाठवायचं कुठे हे सगळ्यांना माहीत होतं. परत आणायचं कसं, हे फार थोड्यांना.

१९१२ च्या कायद्यात माणसाला आत ठेवण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देत असे. बाहेर येण्याची एक वाट अशी होती, की नातेवाइकाने पुढे येऊन सांभाळण्याची हमी द्यायची. पण नातेवाईक आलाच नाही तर? भाऊ वेगळे झाले, आई-वडील गेले, घराची वाटणी झाली. आजार ओसरला तरी माणूस तिथेच राहिला. हा कायदा बदलायला १९८७ साल उजाडलं, आणि नवा कायदा प्रत्यक्ष लागू झाला १९९३ मध्ये.

दरम्यान लोकांनी आपापल्या परीने वाटा काढल्या. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये मुंबईत ‘श्रद्धा’ संस्था सुरू केली. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचं, उपचार करायचे आणि बोलता बोलता गावाचं नाव कळलं की थेट घरी पोचवायचं, असं हे काम. २००६ पासून संस्थेचं केंद्र कर्जतला आहे. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरी वाट आपल्यासारख्याच एका परदेशस्थ मराठी माणसाने दाखवली. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळे जिल्ह्याकडचे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी घरातली ही गोष्ट लपवली नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि रुग्णांच्या घरच्यांना एकमेकांशी बोलायला जागा मिळवून दिली. २००४ चा ‘देवराई’ चित्रपट याच धडपडीतून आला. त्यात आजारी भावाला बहीण आपल्या संसारात आणते. औषध चालू असतं, तरी तो राहणार कुठे आणि कुणाजवळ, हा प्रश्न साऱ्या घराला पुरून उरतो.

ज्यांना घरच उरलेलं नाही, त्यांच्यासाठी चेन्नईच्या ‘बॅनियन’ संस्थेने साध्या वस्तीत घरं भाड्याने घेतली. चार-पाच जण एकत्र राहतात, स्वयंपाक करतात, बाजारात जातात. मदतीला एक कार्यकर्ती असते.

मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्यातलं १९ वं कलम सांगतं, की घरचे नाहीत, घरचे स्वीकारत नाहीत किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. आधाराने राहता येईल अशी घरं उभारणं ही सरकारची जबाबदारी ठरली. ती अजून पुरती पार पडलेली नाही, पण आता ती मागण्याचा हक्क आहे.

आता पुन्हा शुवैख. कुवेतनेही २०१९ मध्ये मानसिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा केला. पण आपल्या माणसाची अडचण वेगळी आहे. इथे इकामा नोकरीला बांधलेला, आणि अनेकांची खोलीही कंपनीचीच. बेड-स्पेसमध्ये राहणारा एखादा रात्र-रात्र जागू लागला, कामावर जाईनासा झाला, तर त्याची नोकरी, खोली आणि कागदपत्रं एकदमच धोक्यात येतात. म्हणून तो सांगत नाही, आणि खोलीतले बाकीचेही गप्प राहतात.

अडचणीतल्या भारतीयांसाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तात्पुरता निवारा, तातडीचे उपचार आणि मायदेशी परतीचं तिकीट यांसाठी त्यातून मदत मिळू शकते. ती मागायला कुणीतरी सोबत जावं लागतं. आपल्या ओळखीत असा कुणी असेल, तर त्याला दवाखान्यात एकटं पाठवू नका. औषधांची नावं लिहून ठेवा. तो गावी परतणार असेल, तर त्याच्या घरी आधी फोन करा आणि विमानतळावर न्यायला कोण येणार आहे, ते नीट विचारून घ्या.